ठिपक्यानंतरचं शेपूट : धंद्यासाठी आणि कलेसाठी डोमेन कसं निवडावं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी वेबसाइटचा गोंधळ निस्तरत बसलो होतो.

"भावजी, नाव शोधलं. डॉट कॉम कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. पण खाली वीस-पंचवीस दुसरी दाखवतंय. डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन. एक तर नव्व्याण्णव रुपयांत आहे. घेऊन टाकू का?"

"वहिनी, कशावरही बोट ठेवू नका. रात्री निवांत बोलू."

वहिनी साताऱ्यात कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि चटण्या करतात. धंद्याचं खरं नाव इथे देत नाही, आपण 'ओवी' म्हणू. त्याच महिन्यात डोंबिवलीचा भाचा हाच प्रश्न घेऊन आला. तो सुलेखन करतो, लग्नपत्रिकांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत. दोघांना जे तुकड्यातुकड्याने सांगितलं ते इथे सलग लिहितोय, म्हणजे पहिल्यांदाच डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेणाऱ्या तिसऱ्या कुणाच्याही कामी येईल.

आधी शेपूट म्हणजे काय

वेबसाइटच्या नावात शेवटच्या ठिपक्यानंतर जे येतं ते एक्स्टेन्शन. मी त्याला शेपूट म्हणतो, आमच्याकडे आता सगळेच म्हणतात. १९८५ मध्ये डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट नेट, डॉट एज्यु अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. मग २०१२ मध्ये आयकॅन या इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेने नव्या शेपटांसाठी अर्ज मागवले. एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर, तरी १,९३० अर्ज आले. २०१३ च्या अखेरीपासून ती एकेक करून बाजारात उतरली आणि बाराशेच्या पुढे गेली. डॉट शॉपचा हक्क २०१६ च्या लिलावात ४ कोटी १५ लाख डॉलरना गेला, डॉट ॲपसाठी गूगलने आदल्या वर्षी अडीच कोटी मोजले होते. हे पैसे वसूल कुणाकडून व्हायचे? तुमच्या-माझ्याकडून, दरवर्षी थोडे थोडे. हे लक्षात राहिलं की पुढचं बरंच कोडं सुटतं.

या व्यापारात दोन पायऱ्या आहेत. एखादं शेपूट सांभाळणारी ती रजिस्ट्री, म्हणजे घाऊक व्यापारी. आपण ज्याच्या साइटवर कार्ड चालवतो तो रजिस्ट्रार, म्हणजे किराणा दुकानदार. डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट टेक, डॉट साइट ही शेपटं चालवणारी रॅडिक्स ही कंपनी मुंबईच्या भाविन तुराखियांनी काढलेली आहे, हे ऐकून वहिनींना बरं वाटलं. आणि आपण 'डोमेन विकत घेतलं' म्हणतो खरं, पण ते भाड्याचं असतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं.

एक सोपी खूण सांगतो. शेपटात दोनच अक्षरं असतील तर ते कुठल्या तरी देशाचं किंवा प्रदेशाचं आहे. डॉट टीव्ही तुवालूचं, डॉट एफएम मायक्रोनेशियाचं, डॉट एआय कॅरिबियनमधल्या अँग्विला नावाच्या चिमुकल्या बेटाचं. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ मध्ये त्या बेटाच्या सरकारी उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा या दोन अक्षरांतून आला. पण देश म्हटला की कायदा आला, राजकारण आलं. २०१० मध्ये लिबियाने डॉट एलवायवरचं एक डोमेन शरियतमध्ये बसत नाही म्हणून काढून घेतलं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२१ च्या पहिल्याच दिवशी तिथल्या लोकांची ऐंशी हजारांच्या आसपास डॉट ईयू डोमेनं बंद पडली. प्रोग्रामर मंडळींचं लाडकं डॉट आयओ ज्या बेटांच्या नावावर आहे, ती ब्रिटनच्या ताब्यातली चागोस बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या आणि तेव्हापासून त्या शेपटाचं पुढे काय, हा प्रश्न आहेच. म्हणून दोन अक्षरी शेपूट घेताना आपला देश सोडून दुसऱ्याचं घ्यायचं तर कारण तसं भक्कम हवं.

पायरी १ : हे डोमेन करणार काय, ते एका ओळीत लिहा

मोठ्यांनी नवी शेपटं कशी वापरली ते आधी बघू. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट २०१५ मध्ये जाहीर झाली तेव्हा तिचा पत्ता होता एबीसी डॉट एक्सवायझेड. एक्सवायझेड या शेपटाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, एका रात्रीत ते जगाला माहीत झालं. गूगलने स्वतःच्या नावाचंच शेपूट घेतलं आणि ब्लॉग डॉट गूगल असा पत्ता केला, जो दुसरं कुणी बनवूच शकत नाही. अमेरिकेतलं पैसे पाठवायचं कॅश ॲप तर नुसतं 'कॅश डॉट ॲप' या पत्त्यावर आहे. इथे शेपूट नावाचाच भाग झालं.

आपल्यासारख्यांची कामं तीन. एक, कायमचं घर: साइट आणि ईमेल दोन्ही त्यावर. दोन, मागचं दार: मुख्य पत्ता दुसराच, पण हे टाकलं तरी माणूस तिथेच पोहोचतो. तीन, एखाद्या मोहिमेपुरतं: दिवाळी फराळाच्या ऑर्डरी, एखादं प्रदर्शन, महोत्सव.

तिसऱ्याबद्दल माझं मत कडक आहे. हंगामापुरतं डोमेन घेऊ नये. एका नाट्यमहोत्सवासाठी मीच हौसेने वेगळं डोमेन घेऊन दिलं होतं. महोत्सव संपला, पुढच्या वर्षी कुणी पैसे भरले नाहीत, डोमेन सुटलं. ते जुगाराच्या साइटवाल्याने उचललं. आणि महोत्सवाच्या जुन्या पत्रकांवरचा, वर्तमानपत्रांच्या वेबसाइटवरच्या बातम्यांमधला तो पत्ता अजून तसाच आहे. शाळेतल्या मुलांनी स्मरणिकेवरून टाईप केलं की समोर पत्ते आणि नाणी. चूक सर्वस्वी माझी. मुख्य साइटवरच एक पान काढलं असतं तर काम भागलं असतं.

पायरी २ : फोनवर सांगून बघा

मराठी नाव रोमन लिपीत लिहिणं हा आपला खास घोळ आहे. 'ओवी' घ्या. ओ-व्ही-आय? ओ-व्ही-डबल ई? ओ-डब्ल्यू-आय? 'आई'मध्ये ए एक की दोन? 'चिवडा'त व्ही की डब्ल्यू? 'ळ'साठी तर एल लिहून हात जोडायचे. इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग सगळ्यांचं एकच असतं, आपल्या नावाचं प्रत्येकाचं वेगळं.

तेव्हा मनात आलेलं नाव तीन माणसांना फोनवर नुसतं उच्चारून सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि त्यांनी टाईप केलेलं व्हॉट्सॲपवर मागवा. आम्ही इचलकरंजीच्या आत्यालाही यात घेतलं. तिने ओ-व्ही-डबल ई लिहिलं. इतर दोघांनी ओ-व्ही-आय. नुसतं चार-पाच अक्षरी नाव असेल तर असा फरक मारक ठरतो. 'मसाले' हा शब्द जोडला तेव्हा निदान गूगलवर शोधणाऱ्याला तरी बरोबर वाट सापडायला लागली. शिवाय दुसरं स्पेलिंगही घ्यायचं ठरलं, मागचं दार म्हणून.

आता शेपटाची पाळी. आत्याला 'ओवी मसाले डॉट ऑनलाइन' म्हटलं तर ती म्हणाली, "ऑनलाइन आहे ते कळलं रे, पण पत्ता काय?" डॉट शॉप तिने एका दमात बरोबर लिहिलं.

भाच्याची गंमत याहून मोठी. त्याला शाईवाला 'डॉट इंक' हवा होता. सुलेखनकाराला याहून शोभणारं काय असणार! पण उच्चार करून बघा. कंपनीवालं आय-एन-सी हेही एक शेपूट आहे, आणि मराठी तोंडात दोन्ही 'इंक'च. त्याने पाच मित्रांना सांगितलं, तिघांनी सी लावला. वर ते सी वालं शेपूट बाकीच्यांच्या मानाने कैक पटींनी महाग, म्हणजे चुकीचं दारही आपण घेऊन ठेवू शकत नाही. "मामा, पण कागदावर किती भारी दिसतं!" दिसतं खरं. पत्ता कागदावरून जितका जातो त्याहून जास्त तोंडातून जातो, एवढंच मी म्हणालो. शेवटी त्याने डॉट आर्ट घेतलं. ते २०१७ पासून सर्वांना खुलं आहे, आणि आर्ट कसं लिहायचं हे कुणी विचारत नाही.

पायरी ३ : शेपूट निवडा

माझा क्रम असा. गिऱ्हाईक भारतातलंच असेल आणि हवं ते नाव डॉट इनमध्ये मिळत असेल, तर आधी ते. डॉट इन २००५ पासून सगळ्यांना खुलं आहे, निक्सी ही आपली संस्था ते सांभाळते, गूगलला कळतं की हे भारतासाठी आहे, आणि लोकांच्या डोळ्यांना सवय आहे. एक ध्यानात ठेवा, डॉट इनवर मालकाचं नाव लपवणारी प्रायव्हसी सेवा चालत नाही, माहिती खरी द्यावी लागते. डॉट कॉम मिळालं तर ते बरोबरीचं.

ही दोन्ही गेली असतील तर नवीन शेपटांकडे वळा. त्यातही धंदा सांगणारी, छोटी आणि ऐकून लिहिता येणारी बघा: डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट आर्ट, डॉट डिझाइन, डॉट स्टुडिओ. डॉट फोटोग्राफीसारखं अकरा अक्षरी शेपूट वाचायला छान, पण ईमेलला त्रासदायक. कितीतरी जुन्या ऑनलाइन फॉर्मांना अजून वाटतं की शेपूट दोन ते चार अक्षरांचंच असतं. भाच्याच्या फोटोग्राफर मित्राने एका प्रदर्शनाचा अर्ज भरला, तर फॉर्म म्हणे 'योग्य ईमेल द्या'. शेवटी जीमेलच द्यावा लागला.

"डॉट शॉप असलं की गूगल वर दाखवतं का?" हे वहिनींनी विचारलं, सगळेच विचारतात. नाही. गूगलने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय की नवीन शेपटांना जुन्यांसारखंच वागवलं जातं, आणि शेपटातल्या शब्दामुळे काही फायदा होत नाही.

उलट तोटा होऊ शकतो, तो असा. फार स्वस्तात वाटली जाणारी शेपटं फसवणूक करणारेही शेकड्यांनी घेतात. मग ईमेलच्या चाळण्या त्या शेपटाकडे संशयाने बघतात. स्पॅमहाउस ही संस्था कुठल्या शेपटांवर किती घाण आहे याची आकडेवारी देते, घेण्याआधी एकदा डोकावून या. आणि डॉट झिपसारख्या वाटेला जाऊच नका. २०२३ मध्ये ते खुलं झालं तेव्हापासून लोकांना ती फाइल वाटते की पत्ता, हेच कळेनासं झालंय.

शेपूट विश्वासाचा शिक्का कसं होऊ शकतं याचं चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत बँकांना 'बँक डॉट इन'वर यायला सांगितलं. तिथे नाव फक्त बँकेलाच मिळतं. आपल्या मसाल्याला असा शिक्का नाही. तो आपल्याला पार्सलगणिक कमवावा लागतो.

देवनागरीचं काय?

वहिनींचा जीव यात अडकला होता. 'ओवी मसाले डॉट भारत', सगळं देवनागरीत. डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, मराठी आणि कोकणीसह आठ भाषांसाठी देवनागरीतून. संगणक आतून मात्र ते रोमनमध्येच बदलून घेतो. 'भारत' हे त्याच्या लेखी 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असं काहीतरी होतं. एखाद्या जुन्या ॲपमध्ये चिकटवलं की हा अवतार बाहेर येतो आणि गिऱ्हाईक घाबरतं. देवनागरीतला ईमेल तर समोरच्याच्या सेवेने स्वीकारायला हवा, आणि अजून सगळीकडे तो चालत नाही. रोमनमध्ये व्ही-डब्ल्यूचा घोळ, देवनागरीत वेलांटीचा: 'ओवि' लिहिणारेही निघतीलच. पण पाकिटावर ते दिसतं देखणं, आणि तोंडाने बोलून शोधणाऱ्यांना सोपं जातं. माझा सल्ला: मागचं दार म्हणून जरूर घ्या, ईमेल मात्र रोमन पत्त्यावरच.

पायरी ४ : पहिल्या वर्षाचा भाव झाकून दुसऱ्या वर्षाचा बघा

नव्व्याण्णव रुपयांकडे परत येऊ. पडद्यावर मोठ्या अक्षरात पहिल्या वर्षाचा भाव असतो. त्याच्या खाली राखाडी रंगात, चष्मा लावून वाचावं लागेल अशा टायपात, रिन्यूअलचा. वहिनींना तो वाचायला लावला: दोन हजार नऊशेच्या पुढे, वर १८ टक्के जीएसटी. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

डॉट कॉमचा घाऊक भाव कराराने बांधलेला आहे, वाढला तरी ठरलेल्या मर्यादेत. नव्या शेपटांना असं वेसण नाही. एक आधार मात्र आहे: रिन्यूअलचा भाव वाढवायचा तर रजिस्ट्रीने रजिस्ट्रारला १८० दिवस आधी कळवायला हवं, आणि तोवर जुन्या भावाने दहा वर्षांपर्यंत मुदत वाढवून घेता येते. तशी सूचना आली तर ईमेल कचऱ्यात टाकू नका.

'प्रीमियम' लिहिलेलं नाव असेल तर आणखी सावध. कधी फक्त पहिल्याच वेळी महाग असतं, कधी दरवर्षी. 'हा भाव एकदाच की कायम?' हे रजिस्ट्रारला लेखी विचारा. मी दरवेळी एक साधी बेरीज करतो, पाच वर्षांची: पहिलं वर्ष अधिक चार रिन्यूअल, अधिक जीएसटी. याच बेरजेत नव्व्याण्णववालं शेपूट तळाला गेलं आणि डॉट इन पहिलं आलं.

पायरी ५ : आधीचा भाडेकरू आणि शेजारी

नाव मोकळं दिसलं तरी ते कोरं असेलच असं नाही. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहावर टाकून बघा, पूर्वी तिथे काय होतं ते दिसतं. औषधांच्या खोट्या जाहिराती दिसल्या तर सोडून द्या. मग आयपी इंडिया या सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर ट्रेडमार्कचा मोफत शोध घ्या, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. दुसऱ्याच्या नोंदलेल्या नावाशी जुळणारं डोमेन शेपूट बदलून घेतलं तरी ते सुटत नाही. डॉट इनसाठी आयएनडीआरपी आणि डॉट कॉम व नव्या शेपटांसाठी यूडीआरपी अशी तक्रारीची वाट आहे, आणि तिथे हरलात तर डोमेन जातं.

पायरी ६ : घ्या, पण स्वतःच्या नावावर

इथे लोक सर्वांत जास्त फसतात, आणि फसवणारा बहुतेक वेळा चोर नसतो. 'साइट करून देतो, डोमेन मीच घेतो' म्हणणारा ओळखीचा मुलगा असतो. माझ्याकडे आलेल्या एका बेकरीवाल्याचं असंच झालं. डोमेन साइट करणाऱ्याच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर. तो परदेशी नोकरीला गेला, नंबर बदलला. बेकरीच्या नावाचा मालक कागदोपत्री तोच. शोधून काढून हस्तांतर करून घ्यायला चार महिने लागले, तेवढ्यात साइट दोनदा बंद पडली.

म्हणून: खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या फोनवर. मालकाच्या रकान्यात तुमचं किंवा धंद्याचं नाव. त्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. ट्रान्सफर लॉक, म्हणजे डोमेन परस्पर दुसरीकडे हलवू न देणारं कुलूप, चालू ठेवा. साइट करणाऱ्याला पासवर्ड देऊ नका, बहुतेक रजिस्ट्रार वेगळा मर्यादित प्रवेश देऊ देतात. आणि खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की ओटीपी पण तिथेच अडकतो.

विकताना होस्टिंग, साइट बिल्डर, 'सुरक्षा कवच' असं बरंच पुढे ढकलतात. सगळ्या खुणा काढा, नुसतं डोमेन घ्या. बाकीचं नंतर लागलं तर लागलं.

पायरी ७ : जोडणी

डोमेन म्हणजे नुसती पाटी. दुकान कुठे आहे ते डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या वहीत, सांगायचं. ए रेकॉर्ड म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, सीनेम म्हणजे 'अमक्या नावाकडे जा', एमएक्स म्हणजे टपाल कुठे टाकायचं. साइट सेवा जी मूल्यं देईल ती तशीच चिकटवायची, एक ठिपकाही न बदलता. बदल दिसायला कधी दहा मिनिटं, कधी दोन दिवस. घाईने परत परत बदलू नका.

डॉट ॲप किंवा डॉट डेव्ह घेतलं असेल तर साइटला कुलूपवालं एचटीटीपीएस असल्याशिवाय ब्राउझर ती उघडतच नाही. त्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, बहुतेक सेवा आपोआप लावतात.

ईमेलसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डीएनएसच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये घाला, ईमेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे त्यांवरून समोरच्याला तपासता येतं. २०२४ पासून जीमेल आणि याहू या बाबतीत कडक झालेत, आणि नव्या शेपटावरून नोंदींशिवाय गेलेली बिलं सरळ स्पॅममध्ये जाऊन पडू शकतात. मग आठवडाभर ओळखीच्यांना ईमेल पाठवून बघा. वहिनींनी पाकिटाच्या लेबलांची ऑर्डर देऊन टाकली होती, ती मी थांबवायला लावली. पहिल्या सहांतले दोन ईमेल स्पॅममध्ये गेले होते. डीकेआयएमच्या नोंदीत शेवटचं अक्षर चिकटवायचं राहिलं होतं.

मुदत संपली तर

ऑटो-रिन्यू लावा, पण त्यावर विसंबू नका, कारण कार्डाची मुदतही संपते. डॉट कॉम, डॉट शॉप, डॉट आर्ट अशांची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार साधारण काही आठवडे नेहमीच्या भावात सोडवू देतो, जास्तीत जास्त ४५ दिवस, कमीही असू शकतात. मग ३० दिवसांची शेवटची सवलत, तेव्हा दंड चांगलाच लागतो. नंतर पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि मग ते कुणालाही खुलं. यात साइट आणि ईमेल पहिल्याच दिवसापासून बंद पडलेले असू शकतात.

वहिनींनी पाच वर्षांचे पैसे एकदम भरले. मुदत संपायची तारीख त्यांनी फोनमध्ये घातली, आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागच्या पानावरही लिहिली, सिलेंडर कधी लावला त्याच्या खाली. दरवर्षी नवीन कालनिर्णय आलं की ती ओळ त्या उतरवून घेतात.